वाचकांचे प्रश्न : गेन वाढवला की बारकावा वाढतो का?

या वेळी आलेली चार पत्रं एकाच गाठीभोवती फिरतात. सेन्सरमधला बारीक बदल दिसावा म्हणून गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा तो आकडा) वाढवला की आउटपुट टोकाला जाऊन अडकतं, आणि गेन कमी केला की तो बदलच दिसेनासा होतो. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : मॅडम, मी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी १० किलोचा डिजिटल काटा करते आहे. लोड सेल (वजनाप्रमाणे बारीक व्होल्टेज देणारा सेन्सर) २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा आहे आणि त्याला ५ व्होल्ट दिले आहेत. एलएम ३२४ या चिपमधले तीन ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारे भाग) वापरून इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर (दोन तारांतला फरक मोठा करणारं सर्किट) जोडलाय. गेन ५००, तो सगळा पहिल्या टप्प्यात. सप्लाय तोच ५ व्होल्टचा. लोड सेलच्या आतल्या ब्रिजवर (रेझिस्टरच्या चौकटीवर) प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून शून्य जुळवलं आहे, तरी सकाळी जुळवलेलं शून्य दुपारी सरकलेलं असतं. आउटपुट ४ किलोपर्यंत नीट वाढतं आणि मग २ व्होल्टवर अडकतं. डेटाशीटप्रमाणे ते साडेतीन व्होल्टपर्यंत जायला हवं ना? गेन २०० केला तर १० किलोपर्यंत जातं, पण मायक्रोकंट्रोलरमधल्या १० बिटांच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) २४-२५ ग्रॅमच्या खालचं काही कळत नाही. मला ५ ग्रॅमचा फरक दिसायला हवा. गेन नक्की किती ठेवू?

उत्तर : गेनचा आकडा शेवटी देते. आधी ते २ व्होल्ट बघू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच आहे.

लोड सेलच्या दोन्ही सिग्नल तारा मुळात अडीच व्होल्टच्या आसपास असतात, ५ व्होल्टच्या ब्रिजचा मध्य तो. पूर्ण १० किलोला त्यांच्यात फरक पडतो अवघा १० मिलिव्होल्टचा, म्हणजे किलोमागे १ मिलिव्होल्ट. पहिल्या टप्प्यातले दोन ऑप-अँप ५०० चा गेन मिळून देतात. एकाचं आउटपुट वर जातं, दुसऱ्याचं तेवढंच खाली. किलोमागे अर्धा व्होल्ट फरक, म्हणजे एक पाव व्होल्ट वर आणि दुसरं पाव व्होल्ट खाली. ४ किलोला वर जाणारा ऑप-अँप साडेतीन व्होल्टला पोचतो, आणि एलएम ३२४ वरच्या रेलच्या (सप्लायच्या वरच्या टोकाच्या) साधारण दीड व्होल्ट अलीकडेच थांबतो. खाली जाणारा त्या वेळी दीड व्होल्टवर असतो. त्याला खाली आणखी जागा आहे, पण दोघं एकाच रेझिस्टरच्या साखळीत बांधलेले असल्यामुळे एक अडकला की दुसरा तिथेच राहतो. साडेतीन वजा दीड, दोन. तिसरा ऑप-अँप फक्त ही वजाबाकी करतो. त्याच्यापाशी अजून दीड व्होल्ट जागा शिल्लक आहे, पण त्याच्यापर्यंत नवीन काही येतच नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर ४ किलोपेक्षा जास्त वजन ठेवा आणि मल्टिमीटर शेवटच्या आउटपुटवर न लावता पहिल्या दोन ऑप-अँपच्या आउटपुटवर लावा. नेहमीच्या जोडणीत त्या पिन १ आणि ७ असतात. एकीवर साडेतीनच्या जवळपास, दुसरीवर दीडच्या जवळपास दिसेल, आणि आणखी वजन टाकलं तरी काटा हलणार नाही. ही तपासणी प्रत्येकाने एकदा तरी हाताने करावी असं मला मनापासून वाटतं. आउटपुटला किती जागा आहे हे फक्त शेवटच्या पिनवर बघायचं नसतं, साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर बघायचं असतं. आतला टप्पा आधी भरला तर बाहेरून सगळं ठीकठाक दिसतं आणि तुम्ही भलत्याच जागी दोष शोधत बसता.

यावरचा पहिला इलाज म्हणजे गेन वाटून देणं. पहिल्या टप्प्यात १००, वजाबाकीच्या टप्प्यात ३. पूर्ण वजनाला पहिल्या टप्प्यातली आउटपुटं ३ आणि २ व्होल्टवर राहतील आणि शेवटचं ३ व्होल्टवर. म्हणजे आतही अर्धा व्होल्ट मोकळा आणि बाहेरही. एकूण गेन ३००. जास्तीचा वाटा पहिल्या टप्प्यालाच द्यायचा हे मात्र विसरू नका. दुसऱ्या टप्प्याचा स्वतःचा नॉइज (नको असलेली बारीक थरथर) आणि ऑफसेट (इनपुट शून्य असतानाही राहणारी चूक) सेन्सरच्या बाजूने मोजला तर पहिल्या टप्प्याच्या गेनने भागला जातो. पहिल्यात ३ आणि दुसऱ्यात १०० केलंत तर हा फायदा हातचा जाईल.

आता ५ ग्रॅमकडे येऊ. इथे मला तुम्हाला थोडं थांबवायचं आहे. समजा तुमच्याकडे आदर्श अँप्लिफायर आहे. तो शून्याला बरोबर शून्य देतो आणि १० किलोला बरोबर ५ व्होल्ट. तरी १० बिटांच्या एडीसीत पायऱ्या १०२४च. १० किलो भागिले १०२४ म्हणजे एका पायरीला जवळजवळ पावणेदहा ग्रॅम. गेनचा कुठलाही आकडा घेतलात तरी एका वाचनात ५ ग्रॅम दिसणार नाहीत. मोठ्यात मोठं वजन आणि लहानात लहान हवा असलेला फरक यांचं गुणोत्तर इथे २००० आहे. गेन हे गुणोत्तर वाढवत नाही, फक्त ते कुठल्या व्होल्टेजांवर बसवायचं एवढं ठरवतो. ५०० वर तुम्हाला एका पायरीला पावणेदहा ग्रॅम मिळत होते, पण ४ किलोच मोजता येत होते. २०० वर १० किलो मोजता आले, पण एका पायरीला २४ ग्रॅम झाले. एका टोकाला मिळवलेलं तुम्ही दुसऱ्या टोकाला मोजून देत होतात.

माझी सवय सांगते. सर्किट काढण्याआधी वहीच्या पानावर मी दोन आकडे लिहिते. सेन्सरकडून येऊ शकेल असा मोठ्यात मोठा सिग्नल आणि मला ओळखता यायला हवा तो लहानात लहान बदल, दोन्ही मायक्रोव्होल्टमध्ये. तुमच्यासाठी ते १०,००० आणि ५. हे आकडे समोर असले की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. आता तिसरा आकडा त्यांच्याशेजारी लिहू, एलएम ३२४ चा. त्याचा इनपुट ऑफसेट सामान्यतः २-३ मिलिव्होल्ट असतो. तुमच्या काट्यावर हे दोन-तीन किलो झाले! ते तुम्ही प्रीसेटने काढलेत, ठीक. पण हाच ऑफसेट तापमानाबरोबर सरकतो, आणि डेटाशीटमध्ये त्याचा सर्वसाधारण आकडा आहे अंशामागे ७ मायक्रोव्होल्ट. खोली एका अंशाने तापली की ७ ग्रॅम. दोन ऑप-अँपचं सरकणं थोडंफार एकमेकांना छेदतं, पण भरवसा ठेवावा इतकं नाही. तुमचं दुपारचं शून्य का सरकतं ते यात आलं. गेन वाढवला की वजनाचा सिग्नल जेवढा मोठा होतो, तेवढंच हे सरकणंही मोठं होतं. म्हणून ५ ग्रॅमच्या कामाला एलएम ३२४ घ्यायचाच नाही, मग गेन काहीही असो.

दोन रस्ते आहेत. पहिला : आयएनए ३३३ सारखा शून्य-ड्रिफ्टचा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर. याचा ऑफसेट जास्तीत जास्त २५ मायक्रोव्होल्ट आणि सरकणं अंशामागे ०.१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे तुमच्या भाषेत एका अंशाला ग्रॅमचा दहावा भाग. आउटपुट दोन्ही रेलच्या ५० मिलिव्होल्टपर्यंत जातं. २४९ ओहमचा एकच रेझिस्टर लावलात की गेन ४०० च्या जरासा वर येतो. रेफरन्स पिन (आउटपुटचं शून्य कुठे बसेल ते ठरवणारी) ग्राउंडला जोडू नका, तिला ०.३ व्होल्ट द्या. ब्रिजचं शून्य कधीच तंतोतंत शून्य नसतं, आणि ते उणे बाजूला असलं तर ग्राउंडला चिकटलेलं आउटपुट पहिले काही ग्रॅम गिळून टाकतं. हे ०.३ व्होल्ट नुसत्या दोन रेझिस्टरच्या विभाजकातून देऊ नका, मध्ये ऑप-अँपचा बफर (विभाजकावर भार न टाकता तेच व्होल्टेज पुढे देणारा टप्पा) हवा, नाहीतर दोन्ही तारांवर सारखाच येणारा नॉइज नाकारण्याची अँप्लिफायरची ताकद घटते. आता शून्याला ०.३ आणि १० किलोला ४.३ व्होल्ट. वर साधारण ०.६ व्होल्ट, म्हणजे दीड किलोहून जास्त जागा मोकळी राहिली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे गेनला तंतोतंत लागू आहे. काट्यावर कोणी वजन आपटतं, कोणी हात टेकतं, पॅनचं स्वतःचं वजन असतं. पॅन एक किलोचा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ‘टेअर’ करून आकडा शून्य होतो खरा, पण त्याने व्यापलेली जागा परत मिळत नाही. हवी असेल तर ती रेफरन्स पिनवरूनच, अँप्लिफायरच्या आत वजा करावी लागते. या रस्त्याला एडीसी किमान १२ बिटांचा हवा. ५ ग्रॅमला दीड पायरी येते, म्हणजे काठावर पास.

दुसरा रस्ता मला तुमच्यासाठी जास्त पटतो, तो एचएक्स ७११ या चिपचा. त्यात १२८ गेनचा अँप्लिफायर आणि २४ बिटांचा एडीसी एकत्र येतो. ५ व्होल्टवर त्याची इनपुट मर्यादा दोन्ही बाजूंना २० मिलिव्होल्ट. तुमचा सिग्नल १०. म्हणजे एका बाजूची निम्मी जागा रिकामीच राहणार, आणि पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं की पूर्ण रेंज वापरा, म्हणून जीव हळहळतो. हळहळू नका. सेकंदाला १० वाचनं घेतलीत तर याचा नॉइज ५० नॅनोव्होल्टच्या घरात आहे आणि तुमचे ५ ग्रॅम म्हणजे ५ मायक्रोव्होल्ट, नॉइजच्या शंभरपट. एडीसीची पायरी नॉइजपेक्षा लहान झाली की आणखी गेनने हाती काही लागत नाही, जागा मात्र जाते. तिथे गेन थांबवायचा. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर हेच : नॉइज एडीसीच्या एका पायरीइतका किंवा थोडा वर दिसू लागेल एवढा गेन, त्याहून जास्त नाही, आणि मोठ्यात मोठ्या सिग्नलला वर वीसेक टक्के जागा राहील याची खात्री.

एक राहिलं. ब्रिजचा सप्लाय आणि एडीसीचा रेफरन्स (ज्याच्याशी तो सिग्नल ताडून बघतो ते व्होल्टेज) एकाच ठिकाणाहून घ्या. सप्लाय एक टक्का घसरला तर सिग्नलही एक टक्का घसरतो आणि मोजपट्टीही, आकडा जागच्या जागी राहतो.

प्रश्न : एलएम ३५ तापमान सेन्सर (अंशामागे १० मिलिव्होल्ट देणारा) थेट अर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डला जोडला आहे. ५ व्होल्टच्या रेफरन्सवर अर्ध्या अंशाच्या उड्या दिसतात. दहापट गेनचा ऑप-अँप लावावा का?

उत्तर : नको. दहापट केलंत तर ५० अंशांवरच ५ व्होल्ट होतील आणि साधा ऑप-अँप त्याच्या खूप आधी थांबेल. ऊनोवरच्या एटीमेगा ३२८ मध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत रेफरन्स आहे, तो सुरू करा. पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टवरून १.०७ वर येते, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागावर, आणि ११० अंशांपर्यंत मोजता येतं. सिग्नल मोठा करण्याऐवजी मोजपट्टी लहान केली, तीही एकही जास्तीचा भाग न लावता. त्या १.१ व्होल्टची खरी किंमत प्रत्येक चिपमध्ये थोडी वेगळी असते, १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही, म्हणून एरेफ पिनवर मल्टिमीटर लावून ती एकदा मोजा आणि प्रोग्रॅममध्ये घाला. आणि एक ध्यानात असू द्या : सेन्सर स्वतः अर्धा-एक अंश चुकीचा असू शकतो. दशांशानंतरचा आकडा बदल बघायला उपयोगी, खरं तापमान सांगायला नाही.

प्रश्न : बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (प्रकाशाप्रमाणे प्रवाह देणारा सेन्सर) आणि एक ऑप-अँप घेऊन प्रकाशमापक केला आहे. फीडबॅक रेझिस्टर (त्या प्रवाहाचं व्होल्टेज करणारा, म्हणजे गेन ठरवणारा) १ मेगओहमचा. संध्याकाळनंतर छान चालतो, पण दिवसा खोलीतसुद्धा आउटपुट वर जाऊन बसतं. रेझिस्टर १० किलोओहमचा केला की रात्री काहीच दिसत नाही. भर उन्हापासून चांदण्यापर्यंत एकाच मापकाने मोजायचं आहे.

उत्तर : आधी तुमचे दोन आकडे लिहू. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स (उजेड मोजायचं एकक), पौर्णिमेच्या चांदण्यात एका लक्सच्या दहाव्या भागापासून थोडं वर. गुणोत्तर जवळपास दहा लाख. बीपीडब्ल्यू ३४ हजार लक्सच्या दिव्याखाली साधारण ७० मायक्रोअँपिअर देतो. १ मेगओहमवर ते ७० व्होल्ट झाले असते, म्हणजे ५ व्होल्टवर चालणारं तुमचं सर्किट ७०-८० लक्सलाच भरलं, आणि दिवसा उजेड असलेली कुठलीही खोली त्याच्या वर असते. एकाच रेझिस्टरने इथे भागणार नाही.

लोड सेलच्या उत्तरात मी गेनवर बरीच टीका केली, पण फोटोडायोडचं गणित वेगळं आहे आणि ते मला फार आवडतं. फीडबॅक रेझिस्टर दहापट केला की सिग्नल दहापट होतो, पण त्या रेझिस्टरचा स्वतःचा औष्णिक नॉइज दहाच्या वर्गमुळाइतकाच, साधारण ३.२ पट वाढतो. १ किलोओहमचा नॉइज एक हर्ट्झच्या पट्ट्यात ४ नॅनोव्होल्ट, तर १ मेगओहमचा सुमारे १२९. रेझिस्टर हजारपट, नॉइज बत्तीसपट. म्हणून अंधुक प्रकाशासाठी मोठा रेझिस्टर पहिल्याच टप्प्यात लावायचा. लहान रेझिस्टर लावून पुढे दुसऱ्या अँप्लिफायरने वाढवलंत तर तेवढाच गेन मिळेल, पण नॉइज जास्त येईल.

तेव्हा रेझिस्टर बदलते ठेवा : ५०० ओहम, ५० किलोओहम आणि ५ मेगओहम. शंभरच्या टप्प्यांनी तीन रेंज. रेंज बदलणारा प्रोग्रॅम लिहिताना वरची आणि खालची सीमा एकच ठेवू नका. आउटपुट रेंजच्या ९० टक्क्यांवर गेलं की लहान रेझिस्टर, आणि अर्ध्या टक्क्याच्या खाली आलं की मोठा. शंभरच्या टप्प्यात ९० टक्क्यांचं ०.९ टक्के होतं, ते अर्ध्या टक्क्याच्या वर राहतं, म्हणून मापक दोन रेंजच्या मध्ये लटकत नाही. अर्धा टक्का १० बिटांवर पाचच पायऱ्या होतात, तेव्हा इथेही १२ बिट घ्या. ५ मेगओहमच्या रेंजमध्ये रेझिस्टर बदलणाऱ्या अॅनालॉग स्विचची गळती नॅनोअँपिअरमध्ये असली तरी चांदण्याच्या आकड्यात ती दिसते. तिथे लहान रीड रिले (चुंबकाने चालणारा स्विच) जास्त विश्वासाचा. त्या रेझिस्टरला समांतर १० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावायला विसरू नका. फोटोडायोडची स्वतःची कपॅसिटन्स ऑप-अँपला थरथरायला लावते, आणि ती थरथर मल्टिमीटरवर नुसत्या चुकीच्या डीसी आकड्यासारखी दिसते.

अचूक लक्स नको असतील, प्रकाश किती पट झाला एवढंच हवं असेल, तर लॉग अँप्लिफायर बघा. ट्रान्झिस्टरच्या जंक्शनवर प्रवाह दहापट झाला की व्होल्टेज ६० मिलिव्होल्टने वाढतं. सहा दशकं (सहा वेळा दहापट, म्हणजे दहा लाखपट) ३६० मिलिव्होल्टमध्ये मावतात, रेंज बदलायची गरजच नाही. त्याची किंमत म्हणजे तापमान : ते ६० मिलिव्होल्ट तापमानाबरोबर बदलतात, भरपाईचं सर्किट लागतंच.

प्रश्न : गेन वाढवल्यावर शेवटचे दोन आकडे सतत नाचतात. सरासरी घेतली तर चालेल का, की ती फसवणूक आहे?

उत्तर : फसवणूक अजिबात नाही. चार वाचनांची सरासरी नॉइज निम्मा करते, शंभर वाचनांची दहाव्या भागावर आणते. उलट आकडे अजिबातच नाचत नसतील तर सरासरीने काही साधत नाही. नॉइज एका पायरीहून लहान असला की प्रत्येक वाचन तेच येतं, आणि तेच तेच मिळवून भागलं तरी तेच. थोडा नाच हवाच. १० बिटांच्या एडीसीकडून ११-१२ बिटांचं काम काढून घेता येतं ते या नाचामुळेच.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. सरासरी किती वेळाची घ्यायची ते वाचनांच्या संख्येवर ठरवू नका, मेन्सच्या (घरच्या विजेच्या) आवर्तनांवर ठरवा. १०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झची बरोबर पाच आवर्तनं बसतात आणि ६० हर्ट्झची बरोबर सहा, त्यामुळे तारांतून शिरलेली गुणगुण दोन्हीकडे जवळपास शून्य होते. एचएक्स ७११ सेकंदाला १० वाचनांवर शांत असतो त्यामागे नॉइजखेरीज हेही कारण आहे. दुसरी गोष्ट टोकाची. आउटपुट रेलच्या इतकं जवळ असेल की नॉइजची वरची टोकं कापली जात आहेत, तर सरासरी खालच्या बाजूला झुकते आणि कितीही वाचनं घेतली तरी ती चूक कमी होत नाही, फक्त जास्त स्थिर दिसते. शून्याजवळ हेच उलट होतं. म्हणून सरासरी घेण्याआधी कच्ची वाचनं एकदा छापून बघा. त्यात ० किंवा १०२३ वारंवार दिसत असेल तर आधी गेन कमी करा किंवा शून्य वर उचला, आणि मगच सरासरी लावा.